वसईची घंटा, देवळाचा टोल

वसईच्या किल्ल्यात गेलात की सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याकडे मान वर करून बघा. घंटा नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या भागातल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांबरोबर घाट चढून आल्या. तोफा वितळल्या, गंजल्या. घंटा मात्र देवळांत अजून वाजताहेत.

नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात तटावर एक आहे, १७२१ सालची. भीमाशंकरला एक आहे. माझी आवडती मात्र वाईजवळच्या मेणवलीची. नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वरापाशी ती टांगलेली आहे. अंगावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियम. लोक घाटावर ‘स्वदेस’चं चित्रीकरण कुठे झालं ते विचारतात आणि घंटेकडे न बघताच निघतात, याचा मला राग येतो.

जवळ जाऊन काठ बघा. आपली देवळातली घंटा लहान, हाताला येणारी. ही खाली फाकलेली, जाड ओठाची, कारण तिचा आवाज गावभर जायला हवा. तांबं आणि कथिल यांच्या मिश्रणाचं हे ओतीव काम. मूर्ती कुणी खरवडली नाही, क्रूसही तसाच ठेवला. जिंकणाऱ्यांचा हा समंजसपणा मला लढाईपेक्षा मोठा वाटतो.

देवस्थानच्या मंडळींना एकच विनंती: रंगरंगोटी करताना या घंटांना ऑइलपेंट फासू नका. अक्षरं बुजतात.