घाटकोपरच्या झोपडीतला नाटककार : अण्णाभाऊ साठे

एक ऑगस्ट जवळ आला की गावोगावी अण्णाभाऊ साठ्यांच्या जयंतीचे फलक लागतात. फोटोला हार पडतो, मिरवणूक निघते, रात्री उशिरापर्यंत डीजे चालतो. एवढं सगळं होऊनही त्यांचं एखादं पुस्तक वाचलेली बाई गटात विचारलं तर क्वचितच सापडते. आणखी एक गोष्ट मला खटकते. बऱ्याच गावांत ही जयंती एकाच वस्तीची असते. बाकीच्या आळ्यांमधल्या बाया दारातून मिरवणूक बघतात आणि आत जातात. या माणसानं लिहिलं ते मात्र सगळ्यांसाठी, आणि त्यातलं कितीतरी आपल्यासारख्या बायांबद्दल. म्हणून आज त्यांची गोष्ट.

अण्णाभाऊंचं पाळण्यातलं नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. आता तो सांगली जिल्हा, तेव्हा सातारा होता. वडील भाऊराव, आई वालुबाई, जात मांग. इंग्रज सरकारनं काही जातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यात तिथल्या मांगांचीही गणती होती. गुन्हा कुणीही करो, हजेरी यांची. शाळेत अण्णाभाऊ गेले ते जेमतेम दीड दिवस. मास्तरांनी मारलं, अपमान केला, आणि पोरानं शाळा सोडली ती कायमची.

वडील आधीपासून मुंबईत माळीकाम करत होते. गावात भागेना, तेव्हा सगळं कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून चालत. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट, मिळेल तिथं काम करायचं, खायचं आणि पुढं निघायचं. हे साल १९३१-३२ च्या सुमाराचं. अण्णाभाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. या प्रवासाबद्दल सगळे अण्णाभाऊंचंच कौतुक सांगतात. मला मात्र दर वेळी वालुबाई दिसतात. रोज संध्याकाळी नव्या जागी तीन दगड मांडून चूल पेटवणं कुणाच्या वाट्याला आलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

मुंबईत पोरानं मिळेल ते काम केलं. हमाली केली, फेरी केली, गिरणीत राबला. अक्षरं शिकला ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. आपल्या गटात ज्या ताया अजून अंगठा लावतात ना, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. पुढं ज्याच्या नावावर पस्तीसेक कादंबऱ्या लागल्या, त्याची बाराखडी रस्त्यावरची होती.

मधल्या काळात ते गावी परतले आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरले. ढोलकी, सवाल-जवाब, वग, सगळं तिथं अंगात भिनलं. पुन्हा मुंबईला आले तेव्हा माटुंग्याच्या लेबर कँपात कामगार चळवळीशी आणि कम्युनिस्ट पक्षाशी गाठ पडली. तिथल्या मच्छरांवर त्यांनी गाणं रचलं होतं. हसण्यावारी नेऊ नका. गटार तुंबलेल्या वस्तीत राहणाऱ्याला मच्छर हा मोठाच विषय असतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. हिटलरची फौज रशियातल्या स्टालिनग्राड शहराशी अडली आणि हरली. त्या लढाईवर अण्णाभाऊंनी पोवाडा केला. वाटेगावचा तरुण, रशिया पाहिलेला नाही, पण गिरणगावातले कामगार तो पोवाडा जिवाचा कान करून ऐकत. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या बरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघांची जात, गाव, आवाज वेगळा. कामगारांच्या सभेत भाषणाआधी यांचा डफ वाजला की मैदान भरायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तमाशा तुम्हाला माहीत आहे. आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि बाजाराला निघालेल्या गवळणी. त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत बायांवर काय काय विनोद चालायचे हे आपल्या आज्यांना विचारा, म्हणजे त्या सांगणार नाहीत. अण्णाभाऊंनी हा साचा घेतला आणि आतलं सामान बदललं. गणात देवाच्या जागी मायभूमी आणि कष्टकरी आले. गवळणीची छेडछाड काढून टाकली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार आला, काळाबाजारवाला आला, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी आला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही त्यातली नावं. ढोलकी तीच, सोंगाड्या तोच, पण आता हसू बाईवर नव्हतं, लुबाडणाऱ्यावर होतं. याला लोकनाट्य म्हणू लागले.

इथं थोडी परदेशाची वाट धरते. ज्या हिटलरच्या फौजेच्या पराभवावर अण्णाभाऊंनी पोवाडा केला, त्याच हिटलरच्या भीतीनं एक जर्मन कवी-नाटककार १९३३ मध्ये देश सोडून पळाला होता. त्याचं नाव बर्टोल्ट ब्रेश्ट. तोही समाजवादी विचारांचा. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, अमेरिका असा फिरत राहिला. युद्ध संपल्यावर बर्लिनला परतून १९४९ साली त्यानं आणि त्याची बायको, नटी हेलेने वायगेल, यांनी नाटक मंडळी काढली. १९५६ मध्ये तो वारला. त्याचं म्हणणं असं की नाटक बघताना माणसानं रडत वाहून जाऊ नये. मध्येच गाणं यावं, नटानं थेट प्रेक्षकांशी बोलावं, म्हणजे बघणारा विचार करत राहील. त्याच्या एका नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. नाव तमाशा ठेवलं ते उगाच नाही. ब्रेश्टनं जे पुष्कळ विचारांती मांडलं, ते आपला सोंगाड्या पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. वग अर्ध्यावर सोडून तो समोरच्या पाटलाला टोमणा मारतोच की. फरक इतका की ब्रेश्टवर जगभर जाडजूड पुस्तकं निघाली आणि आपल्या सोंगाड्याला गावानं वेशीबाहेर उतरवलं.

लोकांना हसवणारं हे कलापथक सरकारला मात्र झोंबलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं त्याच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तरी गाणी थांबली नाहीत, कारण ती तोपर्यंत लोकांना पाठ झाली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ‘माझी मैना’ महाराष्ट्रभर पोचली. पोट भरायला मुंबईला आलेला नवरा गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचा निरोप, तिला कबूल केलेले दागिने. मुंबईत सोनं नाणं दूरच, नशिबी हाल. आणि मग हळूच कळतं की मैना म्हणजे नुसती बायको नाही, महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव आणि सीमाभागही आहे. १ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव राहिलं ते राहिलंच. घाटकोपर-मुलुंडच्या माझ्या गटांतल्या कितीतरी जणी सांगली, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या. हे गाणं लागलं की त्या गप्प होतात. त्यांच्या सासवा याच मैना होत्या. नवरा मुंबईत, मनिऑर्डर आली तर आली, इकडं वाटेकऱ्याशी भांडण, सासऱ्याचं आजारपण, पोरांची शाळा. मला विचाराल तर मैनेच्या तोंडचं गाणं अजून कुणी लिहायचं राहिलं आहे. अण्णाभाऊंनी नवऱ्याचं दुःख अचूक सांगितलं. तिची बाजू आपणच सांगू शकतो, आपल्याला माहीत आहे ती.

त्यांची मुंबईवरची लावणीही अशीच. त्यांच्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी आधी मुंबईच्या थाटामाटाची लावणी केली होती. अण्णाभाऊंनी त्याच मुंबईचा दुसरा भाग दाखवला. एकीकडं मलबार हिल, दुसरीकडं कामगारांच्या चाळी.

ते स्वतः राहत होते घाटकोपरच्या चिरागनगरात. टेकडीच्या अंगाची, दाटीवाटीची वस्ती. पत्नी जयवंताबाई, मुलं आणि पाहुणे यांच्या गराड्यात, एका झोपडीत, बरीच वर्षं. त्यांचं बरंचसं लेखन इथलं. उपनगरातल्या झोपडपट्टीत कोण राहतं, याचं उत्तर त्यांना कुठं शोधायला जावं लागलं नाही.

‘स्मशानातलं सोनं’ ही कथा काहींना शाळेच्या पुस्तकातून आठवेल. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. घरी बायको, लाडकी लेक नर्बदा. एकदा मेलेल्या माणसाच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो रात्री स्मशानं धुंडाळू लागतो. बायकोला हे काम नको असतं, ती भिते. तो ऐकत नाही. शेवटी एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती कापावी लागतात. आणि तेव्हाच बातमी येते, खाण पुन्हा चालू झाली. दगड फोडायला आता बोटं नाहीत. ही कथा वाचून दाखवल्यावर आमच्या गटातली एक ताई म्हणाली, “बायको सांगत होती की.” मी कथा पुष्कळदा वाचली होती, पण त्या बायकोकडं माझं एवढं लक्ष गेलं नव्हतं.

‘चित्रा’, ‘वैजयंता’ या कादंबऱ्यांत बाईच मध्यभागी आहे. वैजयंता तर तमाशातली कलावंतीण. जिच्याकडं पैसे फेकून बघितलं जातं, तिलाही मान असतो, हे त्यांनी फडात राहून पाहिलं होतं. त्यावर १९६१ मध्ये जयश्री गडकरांचा सिनेमाही आला. ‘फकिरा’ १९५९ ची. दुष्काळात आपल्या लोकांच्या पोटासाठी सरकारशी भिडलेल्या मांग वीराची ही कथा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. त्याआधी १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोलली आहे, या अर्थाचं त्यांचं बोलणं तेव्हापासून गाजतं आहे. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस हे बोलत होता.

१९६१ मध्ये ते रशियाला गेले. पोवाड्यात आधीच पोचलेले होते, आता विमानानं. परत येऊन प्रवासवर्णन लिहिलं. नाव, मान, भाषांतरं, सिनेमे सगळं झालं, पण घरात पैसा टिकला नाही. शेवटी सरकारकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळालं. तिथं १८ जुलै १९६९ ला ते गेले. एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते.

२००२ मध्ये टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. चिरागनगरात स्मारक करायचं सरकारनं जाहीर केलं आहे. ज्यांचा गाव वाटेगावच्या बाजूला आहे त्यांनी जत्रेला जाता-येता तिथं उतरावं. आणि यंदा एक ऑगस्टला वर्गणी मागायला कुणी आलं, तर त्यातले शे-दोनशे रुपये ‘फकिरा’च्या एका प्रतीसाठी बाजूला काढायला सांगा. गटात जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावी. सुरुवातीलाच शेजारच्या गावाहून जोगणी आणण्याचा प्रसंग आहे, तिथवर एका बैठकीत होतं.