आधी गाणे, मग चित्र : इंद्रायणीकाठचा एक धागा

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या ओघात एक गाणे चित्रित करावे लागते. या सरावाला तेथे ‘प्लेबॅक’ म्हणतात. जगभरच्या फिल्मशाळांतील विद्यार्थी जे म्युझिक व्हिडिओ करतात, त्यांचे हे आपल्या मातीतले भावंड. हा प्रकार दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांबरोबर परदेशातून आला, अशी अनेकांची समजूत असते. मित्रहो, आजचा धागा त्या समजुतीविषयी आहे. आणि त्याचे पहिले टोक पुण्यात नसून लोणावळ्यात सापडते.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. प्लेगच्या दिवसांत, शतक सरता सरता, तो मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरात हलवण्यात आला. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका ही चित्रे येथून घरोघरी गेली. पुढे कर्जापायी रविवर्मांनी हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. आणि स्वदेशी चळवळीच्या काळात पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून आलेल्या एका चित्रकार-छायाचित्रकाराने जवळच लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा व्यवसाय थाटला. रविवर्मा प्रेससाठी तो फोटो-लिथोची कामे करीत असे. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित व्हायला तेव्हा काही वर्षे अवकाश होता (तो दिवस ३ मे १९१३ चा). दगडावर उलटे चित्र उमटवून कागदावर सुलटे मिळवण्याची कला फाळके मावळात करीत होते. चित्र एकट्या हाताने घडत नाही, ते यंत्र आणि रसायन यांच्या संगनमताने घडते, हे ज्ञान त्यांना कॅमेरा हाती येण्यापूर्वीच झालेले होते.

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट मूक होते. गाणे आले बोलपटांबरोबर, आणि येताना अडचण घेऊनच आले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’सारख्या आरंभीच्या बोलपटांत नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचे, वादकांनी चौकटीबाहेर दडून साथ करायची, आणि मायक्रोफोन दोघांच्या मधोमध. नट मान वळवून दूर गेला की सूर दूर गेला. त्यामुळे कॅमेरा जागचा हलेना. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूपछाँव’ यांत गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नंतर त्यावर चित्रीकरण केले. क्रम उलटला : आधी गाणे, मग चित्र. आजचा कोणताही म्युझिक व्हिडिओ, तो बर्लिनच्या विद्यार्थ्याचा असो वा बारामतीच्या, याच उलट्या क्रमावर उभा असतो.

या उलथापालथीचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. गाण्याच्या चित्रीकरणात जागेवरचा आवाज अखेर टाकूनच द्यायचा असतो. मग धबधबा गर्जत असला, भन्नाट वारा सुटला असला, घाट चढणारे इंजिन शिट्टी देत असले, तरी बिघडत नाही. संवादांच्या दृश्याला नको असलेली प्रत्येक जागा गाण्याला चालू लागली. हिंदी चित्रपटांतील प्रेमी जोडपी नेमकी गाण्याच्या वेळीच स्टुडिओबाहेर, डोंगरात का जाऊन पोहोचतात, याचे निम्मे उत्तर प्रणयात असेल; उरलेले निम्मे ध्वनिमुद्रकाच्या सुटकेत आहे! बोरघाट, खंडाळा, पावसाळ्यातले लोणावळे अशा जागांचे चित्रपटीय भाग्य या दृष्टीने वाचायला हवे.

आता पुण्याकडे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मळवली, कामशेत, तळेगावच्या अंगाने वाहत देहूला पोहोचते. तुकोबांचे भंडारा डोंगरावरचे एकांतवासाचे स्थानही याच मावळपट्ट्यात. फत्तेलालांनी पडद्यावर जे देहू उभे केले ते कलादिग्दर्शकाचे होते, पण नदी आणि माणसे आपली वाटावीत इतके ते नेमके होते. संगीत केशवराव भोळे यांचे. गीतकार शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तर लोक तुकोबांचाच अभंग मानू लागले. गीतकाराला याहून मोठी दाद आणि याहून मोठा अन्याय कोणता?

गाणे दाखवायचे कसे, हे शिकण्यासाठी या चित्रपटाचा आरंभ पाहावा. तुकाराम, म्हणजे विष्णुपंत पागनीस, अभंग गातात. मग तीच रचना सालोमालो स्वतःची म्हणून मिरवतो. एका गाण्यात मनुष्य स्वतःला विसरलेला आहे, दुसऱ्यात तो श्रोत्यांकडे पाहतो आहे. दोघांतले अंतर कोणी संवादातून समजावून देत नाही. विद्यार्थ्याला प्लेबॅकच्या सरावात हेच साधायचे असते.

प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. त्याच आवारात १९६० मध्ये भारत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रभातची चित्रीकरणाची दालने वर्गांच्या कामी आली. आवारातील तळे आजही शांतारामबापूंच्या नावाने ओळखले जाते. ‘संत तुकाराम’ जेथे घडला तेथेच गाणे चित्रित करण्याचे धडे गिरवले जाऊ लागले, हा योगायोग जगातील फार थोड्या फिल्मशाळांच्या वाट्याला आला असेल.

सरावाचे काम दिसते तितके सोपे नाही. मुखडा, अंतरा आणि मधले वाद्यसंगीत यांची लांबी सेकंदांत मोजायची, प्रत्येक तुकड्याला दृश्ये ठरवायची, मग चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण वाजवून नटाकडून ओठ जुळवून घ्यायचे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम धावते. तीन फ्रेमची चूक म्हणजे सेकंदाचा आठवा भाग, पण तेवढ्यानेही गाणे ओठांवरून घसरते आणि प्रेक्षकाला ते जाणवते. संकलनाच्या टेबलावर बसलेला विद्यार्थी येथे ताल शिकतो, आणि ताल मोडायचा कधी, हेही. येथेच संकलन शिकलेल्या संजय लीला भन्साळी यांनी पुढे ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ (१९९४) मधील गाण्यांचे दिग्दर्शन केले. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक विधु विनोद चोप्रा हेही याच संस्थेचे. चोप्रांच्या विद्यार्थिदशेतील १९७६ च्या चित्रपटाचे नाव ‘मर्डर ॲट मंकी हिल’. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खंडाळ्याच्या खाली रेल्वेने घाट चढलेल्या कोणालाही मंकी हिल हे नाव ओळखीचे वाटेल.

इतर देशांतही विद्यार्थी हेच करीत होते. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील विद्यार्थी जॉर्ज लुकास याने सहाध्यायासह ‘हर्बी’ हा लघुपट केला : रात्रीच्या मोटारींच्या चकचकीत पत्र्यावर सरकणारे दिवे आणि सोबत जॅझ, बस्स. पोलंडमधील लोड्झच्या फिल्मशाळेत झ्बिग्निएव्ह रिब्चिन्स्की याने १९७२ मध्ये ‘टेक फाइव्ह’ हा असाच संगीतावरचा लघुपट केला. पुढे अमेरिकेत तो म्युझिक व्हिडिओंचा नावाजलेला दिग्दर्शक झाला. एमटीव्ही सुरू झाली १ ऑगस्ट १९८१ रोजी. म्हणजे वाहिनीपूर्वी वर्ग होता, आणि आपल्याकडे वर्गापूर्वी प्रभात होती.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि जुन्या चित्रपटांची असंख्य रिळे नष्ट झाली. मूकपटांच्या विनाशाबद्दल आपण हळहळतो, पण विद्यार्थ्यांच्या गाण्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ती कधी चित्रपटगृहांत लागली नाहीत, त्यांचे पोस्टर नाही, परीक्षण नाही. ‘सराव’ हा शब्द वस्तूला फार लवकर अडगळीत ढकलतो. माझ्या मते चित्रगीताचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी हे डबे उघडायला हवेत, गाजलेली गाणी नंतर.

त्यांना आगीचे भय तसे कमी. १९६० नंतरची फिल्म बहुधा ॲसिटेटची. ती नायट्रेटसारखी भडकत नाही. ती आंबते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर समजावे की फिल्म आक्रसू लागली आहे, आणि शेजारच्या डब्यांनाही हा रोग लागतो. घरातल्या कोणी काकांनी वा आत्याने पुण्यात सिनेमा शिकला असेल आणि माळ्यावर असा चपटा पत्र्याचा डबा असेल, तर प्रथम त्यावरची चिठ्ठी वाचून उतरवून घ्या. वास येत असेल तर तो डबा इतरांपासून वेगळा ठेवा. कोरडी, थंड जागा पाहा. आणि तो प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह आवरा. आक्रसलेली फिल्म दातांवर फाटते.