बाईक टॅक्सीची नोंदणी: परवाना कंपनीचा, चालकाचे काय?

रात्रीच्या गाडीने परभणी स्टेशनवर उतरायचे आणि पेट्रोलपाण्याचे म्हणून काही रुपये देऊन ओळखीच्या पोराच्या मोटारसायकलवरून वस्तीवर जायचे, यात कुणाला काही वावगे वाटत नाही. कायद्याच्या नजरेत मात्र खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडे घेणे ही विनापरवाना प्रवासी वाहतूक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खरी भीती विम्याची आहे. खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याचा प्रवासी बसत नाही. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई गाडीमालकाच्या, म्हणजे अनेकदा त्या पोराच्या बापाच्या, डोक्यावर येते.

जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना नसलेल्या रॅपिडोला राज्यातली सेवा थांबवायला लावली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. 1 एप्रिल 2025 रोजी मंत्रिमंडळाने एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांत ई-बाईक टॅक्सीला मान्यता दिली आणि जुलैमध्ये नियम आले. फक्त विजेवरच्या पिवळ्या गाड्या, जीपीएस, हेल्मेट, चालकाची पोलीस पडताळणी, एका फेरीला 15 किलोमीटरची मर्यादा आणि दिवसाला जास्तीत जास्त आठ तास काम. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या कामासाठी काय केले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. म्हणून ही अट पाळली जाते की नाही, यावर आपलीच नजर हवी.

लोकसंख्येच्या अटीत परभणी शहर बसते. 2011 च्या जनगणनेत ते तीन लाखांवर होते. गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, पूर्णा बाहेर राहतात.

अडचण वेगळीच आहे. परवान्यासाठी किमान 50 गाड्या, एक लाख शुल्क आणि पाच लाख अनामत लागते. एका गाडीच्या जोरावर पोट भरू पाहणाऱ्या तरुणाला स्वतःच्या नावाने दारच नाही. त्याने कुठल्यातरी कंपनीखाली चालवायचे. गोव्यात उलट आहे. तिथले मोटारसायकल पायलट अनेक दशकांपासून स्वतःच्या नावाने नोंदलेले आहेत. पिवळी-काळी गाडी आणि ठरलेला स्टँड असल्याने प्रवाशालाही कुणाला जाब विचारायचा ते कळते. जबाबदारी हवी असेल तर नोंदणी माणसाची हवी.

सध्या करण्यासारखे एवढे. कंपनीखाली चालवणाऱ्याने गाडी आणि विमा कुणाच्या नावावर आहे ते कागदावर पाहावे, व्यावसायिक परवाना व बॅज काढावा, ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नाव नोंदवावे. आणि 50 तरुणांच्या सहकारी संस्थेला असा परवाना मिळेल का, हे कार्यकर्त्यांनी परभणीच्या परिवहन कार्यालयाला लेखी विचारून पोच घ्यावी. तोंडी उत्तरावर परत येऊ नये.