पाटाचे पाणी आणि शेवटचे शेत

सोलापूर शहराजवळ, हिप्परग्याला, आदिला नदी अडवून बांधलेला एकरूख तलाव १८७१ साली पुरा झाला. दुष्काळी मुलखात पाणी आणले की शेतकरी ते आनंदाने घेतील, असा सरकारचा हिशोब होता. दख्खनच्या कालव्यांवर तो बऱ्याच ठिकाणी चुकला. पाऊस बरा झाला की ज्वारीला कोणी पाणी घेईना. पाऊस ओढला की सगळ्यांना ते एकदम हवे. यात अडाणीपणा नव्हता. काळी जमीन ओल धरून ठेवते आणि बऱ्या वर्षी रब्बी ज्वारी तेवढ्यावर येते. मग पाणीपट्टी कशाला भरायची?

याच्या उलट चित्र धुळ्याकडे पांझरा नदीवर दिसते. तिथली फड पद्धत कित्येक शतकांची. लहान बंधाऱ्यातून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे प्रत्येक फडात असतात. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवायचा. नुकसान सर्वांचे सारखे. पाणी शेतकरी स्वतः फोडत नाही. गावाने नेमलेला पाटकरी देतो. पाटाचा गाळ काढायला घरटी माणूस आलाच पाहिजे.

विश्वेश्वरय्यांनी उमेदवारीच्या काळात खानदेशात काम केले होते. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली : ठरावीक जमिनीला काही वर्षे पाण्याची हमी, पण ऊस तिच्या एका भागातच. फडाशी तिचे साम्य उघड आहे. फरक एवढाच, की इथे नियम कालवा खात्याचा होता, गावाचा नव्हता.

सोलापूर जिल्ह्यात भीमेवरचे उजनी धरण १९८० साली झाले. पाणी वाढले, ऊसही वाढला. पण कालव्याच्या शेवटी असणाऱ्याची काळजी संपली नाही. वरच्याने रात्री दार उघडले, तर खालच्याचे पीक जाते. २००५ च्या राज्य कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली आणि व्यवस्थापन समितीत कालव्याच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या भागाला जागा दिल्या. फडातली जुनी समजूत अशी कायद्यात आली.

वर्गात हे करून पाहावे. फळ्यावर एक पाट आणि दहा शेते काढा. पाणी सहा शेतांपुरतेच द्या. कोणाचे शेत कोणते, हे न सांगता आधी मुलांना वाटपाचा नियम ठरवू द्या. मग शेते वाटा आणि नियम बदलायचा आहे का, ते विचारा. नियम बदलावा असे कोणाला वाटते, ते आपण पाहू.