दादरला दोन दादर का?



“दादरला उतर आणि तीन नंबरवर थांब,” असा निरोप घेऊन गावाकडची बाई मुंबईला जायची. ती तीन नंबरच्या फलाटावर उभी, न्यायला आलेली बहीणही तीन नंबरवरच उभी. तरी दोघींची गाठ पडायची नाही. कारण दादरला तीन नंबरचे फलाटच दोन होते! वर घरचे म्हणायचे, “खेड्यातली बाई, हिला काय कळतंय!”

पण चूक बाईची नव्हती. ती दीडशे वर्षांपूर्वीची होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. ती जी.आय.पी. कंपनीची. पुढे तिचे रूळ घाट चढून देशावर गेले. बी.बी.सी.आय. ही दुसरी कंपनी. ती गुजरातकडून रूळ टाकत आली आणि १८६४ साली ग्रँट रोडला पोचली. दोघींना हवा होता कापूस आणि माल मुंबई बंदरात आणायला. शहरात नवखं माणूस कसं फिरेल, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.

दोन्ही रूळ दादरला शेजारी आले, पण मालक वेगळे. म्हणून स्थानकं दोन, आणि फलाटांचे आकडेही दोन्हीकडे एकपासून. १९५१ साली एकीची मध्य रेल्वे झाली, दुसरीची पश्चिम रेल्वे. आकडे मात्र तसेच राहिले. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून ते बदलले. आता पश्चिमेकडे १ ते ७ आणि मध्यकडे ८ ते १४. एका नंबरचा एकच फलाट.

तेव्हा मुंबईला निघताना पत्ता विचाराल, तसं हेही विचारा: “स्टेशन मध्यचं की पश्चिमचं?” ठाणे, डोंबिवली, कल्याण मध्यवर. वांद्रे, बोरिवली, विरार पश्चिमवर. एकीकडून दुसरीकडे जायचं तर दादरला उतरायचं आणि पूल ओलांडायचा. लोकलचं तिकीट मुक्कामाच्या स्टेशनापर्यंत काढलं असेल, तर मध्ये नवं काढावं लागत नाही.

आणि वाट चुकलीच, तर लाजू नका. पोलिसाला विचारा, बायकांच्या डब्यात शेजारणीला विचारा. शहर दोन कंपन्यांनी आपापल्या सोयीनं बांधलं. ते आपल्याला एका दिवसात कळलं नाही, तर त्यात आपला कमीपणा कसला?