रस्ता सोडून सर्वत्र : मुंबई उपनगरांतील सायकलमार्गांचा इतिहास

१/ १८९२ साली तानसा तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले. ते वाहून आणणाऱ्या जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला अशा भागांतून शहरात शिरतात. सव्वाशे वर्षांनंतर त्यांच्याच कडेने सायकलमार्ग आखण्यात आला. उपनगरांतील अशा तीन प्रयोगांचा हा इतिहास.

२/ सायकल उपनगरांना नवी नाही. अंधेरी असो वा घाटकोपर, स्थानकाबाहेर डबेवाल्यांच्या सायकली आजही दिसतात. पाववाला, दूधवाला, इस्त्रीवाला यांचीही भिस्त सायकलीवरच. मात्र पोटासाठी धोका पत्करणारा प्रौढ जेथे सायकल चालवतो, तेथे दहा वर्षांच्या मुलीला एकटे सोडण्यास आईवडील धजावत नाहीत. संरक्षित मार्गाची गरज नेमकी येथे सुरू होते.

३/ हा प्रश्न जगात सर्वांत ठळकपणे मांडला गेला तो नेदरलँड्समध्ये. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी अशाच अपघातात गमावलेल्या व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराने १९७२ मध्ये लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते, ‘बालहत्या थांबवा’.

४/ त्याच नावाची चळवळ उभी राहिली. पालक आणि मुले रस्त्यावर उतरली. १९७३ च्या तेलसंकटाने या मागणीस बळ दिले आणि पुढील दशकांत मोटारींपासून वेगळ्या केलेल्या सायकलमार्गांचे जाळे विणले गेले. डच सायकल-संस्कृतीच्या आजच्या रूपामागे शोकाकुल कुटुंबांचा हा लढा आहे, हे सहसा विसरले जाते.

५/ आता मुंबई. पहिला प्रयोग वांद्रे-कुर्ला संकुलाचा. २०११ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने तेथे सुमारे १३ किलोमीटरचा सायकलमार्ग बांधला. परंतु संकुल कचेऱ्यांचे. आसपासच्या वस्त्यांतून तेथवर सायकलने येण्यास सुरक्षित वाट नव्हती. थोड्याच काळात त्या मार्गावर मोटारी उभ्या राहू लागल्या. पुढे तो मार्ग टिकला नाही.

६/ दुसरा प्रयोग तानसाचा. जलवाहिन्यांच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. त्यानुसार हजारो झोपड्या हटल्या. मोकळ्या जागेवर पुन्हा अतिक्रमण होऊ नये म्हणून महानगरपालिकेने मुलुंड ते धारावी असा ३९ किलोमीटरचा मार्ग योजला. नाव ठेवले ‘हरित वारी जलतीरी’.

७/ नाव काव्यमय, पण त्याखाली एक वेदना दडलेली आहे. हटवलेल्या अनेक कुटुंबांना चेंबूरजवळ माहुल येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, घरे देण्यात आली. तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते. तेथे जाण्यास नकार देणाऱ्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

८/ तिसरा प्रयोग पवईचा. तलावाच्या काठाने सायकल व धावण्याचा मार्ग बांधण्यास पालिकेने २०२१ मध्ये आरंभ केला. दगडांचा भराव तलावात पडू लागताच विरोध सुरू झाला. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हे काम पाणथळ जागांच्या नियमांविरुद्ध ठरवले आणि बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले.

९/ कचेऱ्यांचे संकुल, जलवाहिनीचा काठ, तलावाचा काठ. तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : ज्या रस्त्याने मूल शाळेत जाते, तो रस्ता तिन्ही वेळा टळला. बोरिवली-अंधेरीचा स्वामी विवेकानंद मार्ग किंवा घाटकोपर-मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग घ्या. घर, शाळा, बाजार व स्थानक यांना जोडणारे रस्ते हेच. तेथे जागा काढायची, तर मोटारींच्या वाट्याची काढावी लागते. तलावाला किंवा झोपडीला सरकवणे त्या मानाने सोपे ठरले.

१०/ संरक्षण म्हणजे केवळ रंगवलेली रेघ नव्हे. मोटार चढू शकणार नाही असा कठडा, चौकात सायकलस्वारास आधी मिळणारी वाट, आणि दारापासून शाळेपर्यंत कोठेही न तुटणारी सलगता, या तिन्हींतून ते घडते. मधला शंभर मीटरचा तुकडा जरी उघडा राहिला, तरी पालक मुलाला घरीच ठेवतात. कारण साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते.

११/ सायकलमार्ग यशस्वी झाला की नाही, याचे मोजमाप किलोमीटरमध्ये आणि कोटींमध्ये करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. लांगेनहॉफच्या लेखाने अर्धशतकापूर्वी वेगळे माप हाती दिले होते : सकाळी सायकलवर शाळेत निघालेले मूल संध्याकाळी सुखरूप घरी परतते का? मुंबईच्या उपनगरांत या मापाने उतरणारा मार्ग अजून बांधायचा आहे.