मोडलेले डाव, झाकलेले डाव

आपल्या शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी आठवते का? मधल्या सुट्टीत डबा संपवून उरलेल्या वीस मिनिटांत आम्ही मुली तिथे खडूने पाच गुणिले पाच घरांचा चौकोन आखायचो. मधल्या घरात आणि चारही बाजूंच्या मधोमध फुल्या मारायच्या, फोडलेले चिंचोके उडवायचे आणि बांगडीच्या काचा पुढे सरकवायच्या. कुणी त्याला अष्टा-चंगा म्हणे, कुणी चंफूल. घंटा झाली की बाई वर्गात यायच्या आत सगळं पायाने पुसून टाकायचं. दहावीपर्यंतच्या इतक्या वर्षांत आमचा एकही डाव पुरता संपल्याचं मला आठवत नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागणारा निरोप आला, तेव्हा मी सुट्टी काढून हिंगोलीला घरी होते आणि सुतारकाकांच्या शेजारी बसून एका टेबलाचं झाकण करून घेत होते. खेळायच्या टेबलावर ठेवायचं आणि हवं तेव्हा उचलायचं झाकण. त्या आठवड्यात जे वाचलं, जे आठवलं आणि जे चुकलं, ते इथे लिहिते.

आपल्याकडे खेळायला टेबल नव्हतंच. सारीपाट म्हणजे कापड. अधिक चिन्हासारख्या चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे एकूण 96 घरं. मध्ये एक मोठा चौक, जिथून सोंगट्या निघतात आणि फिरून परत येतात. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. फासे असले तर चौसर, कवड्या असल्या तर पंचवीसच्या दानावरून पच्चीसी. हे सगळं गुंडाळून कोनाड्यात ठेवता येतं. जमीन तीच, तिच्यावर सकाळी पाट मांडले की जेवणघर, दुपारी पट पसरला की खेळघर, रात्री वाकळ अंथरली की झोपायची खोली. युरोपातल्या घरात टेबल कायमचं असतं आणि खेळ झाकला जातो. आपल्याकडे जमीन कायमची आणि खेळ गुंडाळला जातो. मला हा फरक आधी केवळ फर्निचरचा वाटला होता. तसा तो नाही.

गुंडाळलेला पट म्हणजे मोडलेला डाव. अबुल फजलने ‘आइने अकबरी’त चौपडीचं वर्णन केलं आहे. अकबराच्या दरबारात कधी दोनशेहून जास्त माणसं त्यात भाग घेत, सोळा डाव खेळल्याशिवाय कुणाला घरी जायची मुभा नसे, आणि काही डाव तीन-तीन महिने चालत. कंटाळून चुळबुळ करणाऱ्याला मद्याचा पेला प्यावा लागे. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात तर पच्चीसीचा पट दगडी फरसबंदीतच आखलेला आहे. मजेशीर वाटतं, पण तीन महिने डाव मांडून ठेवायला तीन महिने दुसऱ्या कशालाच न लागणारी जागा हवी. ती बादशहाकडे असते. आमच्या आजीकडे नव्हती.

आजीचा पट लाल-काळ्या खणांचे तुकडे जोडून शिवलेला होता. श्रावणात दुपारी शेजारच्या मावशी यायच्या आणि ओसरीवर डाव पडायचा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजी खेळायची फार ईर्ष्येने, फासे कपाळाला लावून टाकायची. पण आजोबा आणि काका शेतातून आले की जेवणं तिथेच, त्याच ओसरीवर. मग आजी मला जवळ ओढून म्हणायची, “ध्यानात ठेव गं, माझी हिरवी चौकापासून पाचव्या घरात, मावशीची काळी फुलीवर.” मी सोळाही सोंगट्यांच्या जागा घोकत बसायची. एकदा मी हुशारी करून पाटीवर अधिकचं चिन्ह काढलं आणि घरं आखून सगळ्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर भावाने त्याच पाटीवर पाढे लिहिलेले. आजी रागावली नाही. पट पसरत म्हणाली, “चला, पुन्हा पहिल्यापासून.” त्या पहिल्यापासूनचा मला आजही राग आहे. आज माझ्या नोकरीतलं निम्मं काम काम करणाऱ्याला मध्येच उठावं लागलं तरी त्याचं अर्धवट काम जागच्या जागी राहील याची सोय करण्याचं आहे, आणि ते करताना ती पाटी कितीदा तरी डोळ्यासमोर येते.

आता युरोपकडे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ट्रिकट्रॅक नावाचा, बॅकगॅमनच्या कुळातला फाशांचा खेळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात चाले. त्यासाठी खास टेबलं बनत. टेबलाच्या आत हौदासारखा खोलगट पट आणि वर सुटी निघणारी फळी. फळीच्या एका बाजूला चामडं, लिहायला; उलटी केली की हिरवी बनात, पत्ते खेळायला; आणि उचलली की खाली फाशांचा पट. एका टेबलात तीन टेबलं! पुढे बिलियर्ड्स मध्यमवर्गाच्या घरात शिरलं तेव्हा अडचण मोठी झाली. पूर्ण मापाचं टेबल 12 फूट लांब, 6 फूट रुंद आणि खाली पाटीच्या दगडाच्या लाद्या. ते हलवायचं कुणी? इंग्लंडमध्ये ॲक्रिंग्टनच्या रायली कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान मापाची अशी टेबलं विकली, ज्यांच्यावर फळ्या टाकल्या की जेवणाचं टेबल तयार. जेवायला उंची कमी लागते आणि खेळायला जास्त, म्हणून टेबल वर-खाली करायची सोयही होती.

आपल्या देशात टेबलावरचे खेळ आले ते बहुतेक छावण्यांतून. 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकर जन्माला घातलं. छावणी हा शब्द आपल्याला परका नाही. हिंगोलीही निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटचं ठाणं होतं, ते दल 1903 मध्ये इंग्रजांच्या भारतीय सैन्यात सामावलं जाईपर्यंत. उलट दिशेनेही प्रवास झाला. आपली पच्चीसी इंग्लंडला गेली, तिथे तिच्या सोप्या रूपाचं ल्यूडो नावाने पेटंट निघालं आणि ती घडीच्या पुठ्ठ्यावर छापून आपल्यालाच परत विकली गेली.

कॅरम मात्र या दोन्हींच्या मधला. ना धड कापड, ना धड टेबल. ऑल इंडिया कॅरम फेडरेशन 1956 मध्ये स्थापन झालं. स्पर्धेच्या नियमांत खेळायची जागा साधारण 74 सेंटिमीटर चौरस आणि स्टँडची उंची 63 ते 70 सेंटिमीटर. आपल्यापैकी किती जणांच्या घरी स्टँड होता? आमचा बोर्ड दसऱ्याच्या प्रदर्शनातून आणलेला, खेळताना धान्याच्या डब्यावर आणि एरवी दारामागे उभा. त्याचाही डाव अर्धवट ठेवता यायचा नाही. बोर्ड उभा केला की सोंगट्या घरभर.

टेबलाची गरज आईच्या गुडघ्यांमुळे पडली. तिला आता खाली बसता येत नाही आणि आजीचा पट तिने टाकलेला नाही. घरात मोठं टेबल एकच, जेवणाचं. त्यावर भाजी निवडणं, भाच्यांचा अभ्यास, वीजबिलं, सगळं. म्हणून आम्ही त्या जागी नवं टेबल करायचं ठरवलं. आत 37 इंच चौरस आणि चार इंच खोल हौद, त्यात कॅरम पूर्ण बसेल, कॅरम काढून पट अंथरला तरी चालेल, आणि वर झाकण.

पहिलं झाकण माझ्या डोक्याने झालं आणि फसलं. मी अठरा मिलिमीटर प्लायचं एकच अखंड झाकण सांगितलं. दिसायला सुरेख, वजन दहा किलोच्या आसपास. आईने एका बाजूने उचललं आणि दुसरी बाजू आत घसरून सगळ्या सोंगट्यांवर पडली. सुतारकाका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते घरच्या जुन्या माळवदाच्या सागवानी फळ्या रंधून घेऊन आले. तीन सुट्या फळ्या, साधारण बारा इंच रुंद, आतल्या बाजूने ठोकलेल्या पट्टीवर टेकणाऱ्या. मी म्हटलं, “काका, तिन्ही घट्ट बसू द्या, फट नको.” ते म्हणाले, “ताई, पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं. एक सूत सोडतो.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी हट्ट केला. जुलैत आईचा फोन आला, मधली फळी निघत नाही, डाव आत अडकलाय! काकांनी येऊन एक सूत तासलं आणि बोट घालायला भोक पाडलं. फटीतून आमटी गळू नये म्हणून वर मेणकापड, आणि फळ्यांच्या खालच्या बाजूला, ट्रिकट्रॅकच्या टेबलाची आठवण म्हणून, हिरवी बनात. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग काहीच नाही. उलटून पत्ते खेळू म्हटलं होतं, पण घरात पत्ते खेळणारं कुणी नाही.

मुलगा म्हणाला, “एवढा खटाटोप कशाला? डाव मोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायचा.” बरोबर आहे त्याचं. पण फोटोवरून डाव पुन्हा मांडायला कुणीतरी बसावं लागतं, आणि आमच्या घरात तसं बसायला वेळ नसलेली माणसं कोण होती ते त्याला ठाऊक नाही. आता कुणी जेवायला आलं की आई तीन फळ्या टाकते, ताटं मांडते आणि भाकरी वाढते. खाली डाव जसाच्या तसा असतो. शेजारच्या मावशींची सून संध्याकाळी येते, फळ्या काढते, चार दानं टाकते आणि कुकरची शिट्टी झाली की घरी जाते. त्यांचा एक डाव सतरा दिवस चालला. बादशहाच्या तीन महिन्यांपुढे काहीच नाही, पण आमच्या घराण्यातला तो विक्रम आहे.

दहावीच्या आपल्या गुणपत्रिका निघाल्या तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. तोवर आपण सगळे पांगलो होतो. व्हरांड्यातली ती फरशी अजून आहे की टाइल्स बसल्या, ते मेळाव्याच्या दिवशी पाहायचंच आहे. खडू मी आणते, चिंचोके कुणीतरी आणा.

दिवाळीत मी आणि आईने मांडलेला डाव अजून फळ्यांखाली आहे. माझ्या दोन सोंगट्या चौकात पोचल्या आहेत, आईची एकच. परवा तिला विचारलं तर म्हणाली, “मी फळी उचललीसुद्धा नाही, पाळी तुझीच आहे.” तिची पिवळी सोंगटी मात्र फुलीवर पोचल्याचं तिने बोलता बोलता सांगितलं. मी निघाले तेव्हा ती फुलीच्या एक घर अलीकडे होती.